सरावात बसणारा आणि मॅचमध्ये बिघडणारा फोरहँड

तुमचा प्रश्न वाचताना माझी जुनी तक्रार दुसऱ्या कुणीतरी टाइप केली आहे असंच वाटलं. टेनिसच्या कोचिंगमध्ये नवा फोरहँड (तळहात पुढे ठेवून मारायचा फटका) झकास बसतो. मॅच सुरू झाली की दुसऱ्या-तिसऱ्या गेमपासून नेटमध्ये जायला लागतो. मग घाबरून जुना ढकलाढकलीचा फटका बाहेर येतो आणि ज्या काकांना 'फोरहँड येतच नाही' असं सगळे म्हणतात, त्यांच्याकडून आपण २-६ हरतो. आधी तंत्र पक्कं करू की आधी चेंडू आत ठेवायला शिकू, असं तुम्ही विचारलंय.

मी कोच नाही, हौशी खेळाडू आहे. तुम्हाला खेळताना पाहिलेलंही नाही, त्यामुळे पुढचं सगळं त्या हिशेबाने घ्या. स्प्लिट स्टेप (समोरचा मारताना घ्यायची छोटी उडी), चेंडूवर नजर वगैरे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य जाता जाता आलंय: 'सरांनी ग्रिप बदलायला लावली.' माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

माझ्या बाबतीत असं झालं. मी ईस्टर्न ग्रिपने, म्हणजे हस्तांदोलन केल्यासारखी रॅकेट धरून खेळायचो. फोरहँड सपाट होता, दिसायला काही खास नव्हता, पण रॅलीत टिकायचा. एका अकॅडमीत नाव घातलं (कोणती ते विचारू नका, सांगणार नाही). पहिल्याच दिवशी तिथल्या मुख्य कोचनी माझे चार-पाच फटके पाहिले आणि 'हल्ली असं कुणी खेळत नाही' म्हणत ग्रिप थेट फुल वेस्टर्नवर (तळहात मुठीच्या खाली) नेली. त्याच आठवड्यात बॅकस्विंग (रॅकेट मागे नेण्याची हालचाल) बदलला, ओपन स्टान्स (नेटकडे छाती करून उभं राहणं) आला, रॅकेट खांद्याऐवजी कमरेच्या बाजूला संपवायची असं ठरलं. सगळं एकदम. आणि या काळात त्या माणसाने मला एकही मॅच खेळताना पाहिलं नाही. कोचनी बास्केटमधून काढून दिलेले चेंडू कमरेच्या उंचीवर, एकाच वेगाने, एकाच जागी यायचे आणि ते मी अप्रतिम मारायचो. व्हिडिओ काढून दाखवायचे, 'बघा, किती फरक पडला.' व्हिडिओत फरक होताच. फक्त मॅचमध्ये समोरचा माणूस बास्केट घेऊन उभा नसतो.

ग्रिप बदलणं हा एक बदल वाटतो, पण त्याच्यामागून आणखी तीन-चार बदल येतात. हात वेस्टर्नकडे सरकला की त्याच मनगटाने रॅकेटचा चेहरा जास्त खाली झुकतो. तो सरळ करायचा तर चेंडू आणखी पुढे आणि आणखी वर गाठावा लागतो. पुढे गाठायचा म्हणजे स्विंग लवकर सुरू करायला हवा आणि त्यासाठी पायही लवकर हलायला हवेत. म्हणजे जुनं टायमिंग पूर्ण बाद. त्यात फुल वेस्टर्नला सगळ्यात अवघड जातो तो गुडघ्याखालचा, मेलेला, न उसळणारा चेंडू. तुमचे ते काका नेमका तोच देतात. हल्लीच्या व्यावसायिक खेळाडूंना उंच उसळणारे, टॉपस्पिनने (पुढच्या दिशेच्या फिरकीने) भरलेले चेंडू खेळावे लागतात, म्हणून त्यांच्या ग्रिप तिकडे सरकल्या. तिथेही बरेचजण सेमी-वेस्टर्नच्या (ईस्टर्न आणि फुल वेस्टर्नच्या मधल्या ग्रिपच्या) आसपासच असतात. आपल्या पातळीवर तसा चेंडू येतो किती वेळा? ज्या चेंडूंसाठी ती ग्रिप आहे ते आपल्याला मिळत नाहीत, आणि जे मिळतात त्यांना ती चालत नाही. हे साधं गणित त्या अकॅडमीत कुणी मांडलं नाही. 'मॅच हरतोय' म्हटलं की 'तंत्र बसेपर्यंत हरणारच' हे ठरलेलं उत्तर. किती काळ, यावर मौन. मी दुसऱ्या कोचची बॅच मागितली तर ऑफिसमधून कळलं की टर्म संपेपर्यंत बॅच बदलता येत नाही. फॉर्म भरा, कळवतो म्हणाले. कळवलं नाही ते नाहीच. जाऊ दे.

म्हणून माझं ठाम मत: तंत्र की सातत्य हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. चेंडू लागताना रॅकेटचा चेहरा कुठे बघतोय, आणि तुम्ही चेंडूपाशी वेळेत पोहोचलात का, एवढंच खरं तंत्र, आणि सातत्यही त्यातूनच येतं. बाकीचा बराचसा देखावा असतो. तारांचा आणि चेंडूचा संपर्क साधारण ४-५ मिलिसेकंद टिकतो. त्यानंतर रॅकेट खांद्यावर संपवा की कानामागे, तो चेंडू गेलेला असतो. फॉलो-थ्रूवरून आधी काय झालं ते कळतं, एवढाच त्याचा उपयोग. रशियाच्या मेदवेदेवचा फोरहँड कोणत्याही पाठ्यपुस्तकात बसणार नाही. त्याच फोरहँडने तो २०२१ची यूएस ओपन जिंकला.

मोठ्या खेळाडूंनीही तंत्र बदललं की, असं कुणीतरी म्हणेलच. खरं आहे. सॅम्प्रसने लहान वयात दोन हातांचा बॅकहँड सोडून एक हाताचा घेतला, ज्युनिअर स्पर्धांत त्याची किंमत मोजली आणि पुढे ७ वेळा विम्बल्डन जिंकला. पण तो पोरगा रोज तासनतास कोर्टवर असायचा आणि समोर अख्खी कारकीर्द होती. आपण नोकरी सांभाळून आठवड्यातून दोन-तीनदा खेळणारी माणसं. बेलारूसच्या सबालेन्काचं उदाहरण मला जास्त पटतं. २०२२मध्ये तिच्या डबल फॉल्टची (लागोपाठ दोन सर्व्ह चुकून गुण जाण्याची) संख्या ४००च्या वर गेली होती. तिने सर्व्हच्या हालचालीवर काम केलं आणि २०२३ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. मोडलेली गोष्ट सर्व्ह होती, म्हणून सर्व्हच दुरुस्त केली. फोरहँडलाही हात घालून बसली नाही.

तुमच्यासाठी माझा सल्ला असा. ग्रिप जिथून निघालात तिथे परत नेऊ नका, अर्ध्यावर आणा. ईस्टर्न आणि सेमी-वेस्टर्नच्या मध्ये कुठेतरी खालचा चेंडूही उचलता येतो आणि टॉपस्पिनही मिळतो. ओपन स्टान्स, फिनिश वगैरे काही महिने विसरा. सरावात एकच गोष्ट मोजा: चेंडू नेटवरून किती उंचीने जातोय. नेट मध्यभागी ३ फूट आणि खांबापाशी साडेतीन फूट असतं. रॅलीचा चेंडू त्याच्यावरून निदान आणखी ३ फूट जायला हवा. हौशी लोकांचे बहुतेक चेंडू नेटला घासून जातात, मग एक तर अडतात नाहीतर सर्व्हिस लाइनपाशी आखूड पडतात. उंची वाढवली की चेंडू आपोआप खोल पडायला लागतो आणि समोरचा बेसलाइनमागे जातो. पाहिजे तर नेटच्या ३ फूट वर दोरी बांधा. आमच्याकडे हसले लोक, पण फायदा झाला.

आणि मारा क्रॉसकोर्ट, म्हणजे तिरका, समोरच्या कोपऱ्याकडे. नेटचा सगळ्यात खालचा भाग तिथेच मिळतो. सिंगल्सच्या कोर्टात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर सरळ रेषेपेक्षा साडेचार फुटांनी जास्त भरतं, म्हणजे तेवढी चूक माफ. डाउन द लाइनचा (बाजूच्या रेषेला समांतर, सरळ मारण्याचा) मोह आखूड चेंडू मिळेपर्यंत आवरा.

बास्केटचा सराव अगदी सोडा असं म्हणत नाही. नवी हालचाल पहिल्यांदा अंगात उतरवायला तो बरा. पण त्यानंतर कुणाला तरी सांगा की मुद्दाम वाकडेतिकडे चेंडू दे, एक आखूड, एक उंच, एक स्लाइस (उलट्या फिरकीचा, कापून मारलेला). आणि मग गुण मोजून खेळा. गुण मोजायला लागलं की हात आखडतो. तो आखडलेल्या अवस्थेत जो फटका टिकतो तोच तुमचा फटका. सरावात हिरव्या ठिपक्याचे चेंडू वापरायलाही लाजू नका. नेहमीच्या चेंडूपेक्षा ते साधारण २५% हळू असतात, त्यामुळे पाय लावायला वेळ मिळतो. पोरांचे चेंडू म्हणून नाक मुरडणारे बरेच भेटतील.

एखादा चेंडू बाहेर गेला म्हणून लगेच मनगट, खांदा, ग्रिप तपासत बसायची सवय मात्र सोडा. फेडररने २०२४मध्ये एका पदवीदान समारंभात सांगितलं होतं की त्याने एकेरीचे जवळजवळ ८०% सामने जिंकले, पण गुण फक्त ५४%. त्याचं हे, तर आपलं काय. एकाच प्रकारचा चेंडू पुन्हा पुन्हा चुकतोय असं दिसलं तरच तंत्राला हात लावा, आणि तेही मॅचच्या आठवड्यात नको.

विषय थोडा वेगळा, पण तुम्ही कोपर दुखतंय असंही लिहिलंय. रॅकेटला पॉलिएस्टरच्या तारा आहेत का ते आधी बघा. मलाही 'स्पिनसाठी' त्याच टाकायला लावल्या होत्या. त्या कडक असतात, लवकर मरतात, आणि जो चेंडू उशिरा गाठतो त्याचा धक्का सगळा हाताला बसतो. मल्टिफिलामेंट (अनेक बारीक धाग्यांच्या, मऊ) तारा टाका, ताण दोन-तीन पौंड कमी करा. दुखणं तरीही राहिलं तर डॉक्टरला दाखवा, इथे विचारत बसू नका.

राहिली पुढच्या महिन्यातली क्लबची स्पर्धा. सिंगल्समधून नाव काढा असं मी म्हणणार नाही, पण त्यात नवा फोरहँड फक्त कमरेच्या वरच्या, आरामात मिळणाऱ्या चेंडूवर वापरा. खालच्या चेंडूला सरळ स्लाइस करून परत पाठवा, लोक काहीही म्हणोत. डबल्समध्येही नाव द्या. तिथे कोर्टाची बाजू अर्धीच सांभाळायची असते आणि परतीचा चेंडू बहुतेक वेळा क्रॉसकोर्टच मारायचा असतो, त्यामुळे नवी ग्रिप मॅचमध्ये वापरून बघायला तेच बरं. जोडीदाराला मात्र आधी सांगून ठेवा.