बाबांचं मॉर्फिन आणि स्विंडनहून येणारे फोन

"ताई, दादाने फोंड्याच्या घरी बाबांना मॉर्फिन सुरू केलंय. इथे इंग्लंडात असंच देऊन म्हाताऱ्या माणसांना मारलं होतं, मी वाचलंय. मी दादाला सांगितलं, आधी बंद कर."

अरे बाबा, आणि दादाने बंद केलं तर? कॅन्सर हाडात उतरलाय असं तूच लिहितोस, म्हणजे रात्रभर ते कण्हणार आणि ऐकणार वहिनी, तू नाही. शिवाय रोज चालू असलेलं मॉर्फिन एकदम तोडलं की अंगाची तगमग होते ती वेगळीच.

तू वाचलंस ते तिथल्या गॉस्पोर्ट गावच्या हॉस्पिटलचं, आणि ते खोटं नाही. 1989 ते 2000 मध्ये त्या हॉस्पिटलात 450 हून जास्त पेशंटचं आयुष्य अशा औषधांनी कमी झालं, असं 2018 च्या अहवालात आलं. पण पुढचं पण वाच ना, तिथे वैद्यकीय कारण नसताना देत होते, काहीजण तर बरं होऊन घरी जायच्या आशेने आले होते. आपल्याकडे रडणं नेमकं उलटं. ज्या अफूपासून मॉर्फिन बनतं ती पिकते आपल्याच मध्य प्रदेशात, नीमच-मंदसोरला, पण 1985 च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या कटकटीमुळे हॉस्पिटलं मॉर्फिन ठेवायलाच घाबरायची, 2014 च्या दुरुस्तीने जरा सुटसुटीत झालं.

माझी डिचोलीची आत्या. दुबईचा मुलगा व्हिडिओ कॉलवर रोज तेच, आईला झोपवून ठेवू नका, म्हणून घरचे डोस चुकवायचे आणि ती उशी चावायची. शेवटी डॉक्टरांनी सगळ्यांना झापलं, दर चार तासांनी घड्याळ लावून द्यायला लावलं. दोन-तीन दिवस गुंगीत होती, मग उठून बसली, पेज मागितली, आणि तोर (मिठातली कैरी) खारट झाली म्हणून सुनेला बोलली पण. त्यानंतर बरेच महिने होती आमच्यात.

तेव्हा दादाला 'बंद कर' नको, हे विचार: वेळेवर देतोस ना, मधेच कळ आली तर किती द्यायचं ते डॉक्टरांनी लिहून दिलंय का, पोट साफ व्हायचं औषध सोबत चालू आहे का (हे सगळे विसरतात, आणि मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतोच), डोस वाढवला तर का वाढवला ते वहीत आहे का. हाक मारून जागे होत नसतील किंवा श्वास फार संथ झाला तर लगेच डॉक्टर. इतकं विचारलंस की गॉस्पोर्टची भीती पण आपोआप तपासली जाते. घरी झेपेना झालं तर लोटलीला शांती आवेदना सदन आहे, शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर पेशंटना सांभाळणारं, नन चालवतात, पैसे घेत नाहीत. "सिस्टर लोकांकडे बाबांना कसं ठेवू" हे तुझं वाक्य मी वाचलंच नाही असं समजते.

तिकिटाचं विचारतोस, तर काढ. मुलांची सुट्टी बघत बसू नकोस.

आणि घराच्या वाट्याचं दादाकडे आत्ता काढू नकोस रे, गोव्यात त्यासाठी पुढे इन्व्हेंटरी असते, म्हणजे वारसांमधली कोर्टातली वाटणी, त्यात तुलाही बोलावतात.