वाचकांचे प्रश्न : चौदावं वचनही वाच

प्रश्न : ताई, माझं माहेर वसईचं, सासर गोव्यातल्या सासष्टीतलं. नवरा बोटीवर असतो, वर्षातले सात-आठ महिने घराबाहेर. गेल्या पावसाळ्यात सासूबाईंना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणंही जवळजवळ बंद. तेव्हापासून त्यांचं सगळं मी करते. शाळेतून बिनपगारी रजा घेतली होती, तीही संपत आली. दीर वास्कोला, नणंद इंग्लंडात स्विंडनला. दोघंही फोनवर विचारपूस करतात आणि "तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त" म्हणतात. स्वयंपाकघरात मी बायबलमधल्या फिलिप्पैकरांच्या पत्रातलं वचन लावलंय : जो मला सामर्थ्य देतो त्याच्यामुळे मी सर्व काही करू शकतो. रोज वाचते. तरी परवा चादर बदलताना मी सासूबाईंवर ओरडले आणि त्या रडायला लागल्या. चर्चमध्ये फादर म्हणाले, संत जुझे वाझ यांनी किती सोसलं ते आठवा. माझीच श्रद्धा कमी पडतेय का? देव सामर्थ्य देतो म्हणजे नक्की काय होतं?
– एक वाचक, सासष्टी

उत्तर : वयाने तू माझ्या सुनेएवढी असशील, म्हणून एकेरीत लिहिते. आधी ओरडण्याचं बघू. सासूबाईंची माफी माग, मोठ्याने माग. बोलता येत नसलं तरी अशा आजाऱ्यांना पुष्कळदा आपण समजतो त्यापेक्षा बरंच कळत असतं. मग तो विषय तिथेच सोड. ज्यांनी रात्री-अपरात्री आजाऱ्याची ओली चादर बदलली नाही, त्यांचं यावरचं मत मी फारसं मनावर घेत नाही.

आता ते वचन. चौथ्या अध्यायातलं तेरावं. ते भिंतीवरून काढू नकोस, पण आज बायबल उघडून त्याच्या मागचं-पुढचं वाच. बाराव्यात पौल, म्हणजे हे पत्र लिहिणारा, म्हणतो की पोट भरलेलं असो की उपाशी, दोन्हीत राहायला मी शिकलोय. त्याचं 'सर्व काही' ते आहे. घरातली सगळी कामं एकटीने उरकणं हा अर्थ त्यात कुठून आला, देव जाणे. आणि चौदाव्यात लगेच म्हणतो, तरी माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे बरं केलंत. पौल तेव्हा बंदिवासात होता, आणि त्या काळी कैद्याला पुष्कळ गोष्टींसाठी बाहेरच्या आपल्या माणसांवर अवलंबून राहावं लागे. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीत नावाच्या माणसाबरोबर त्याला मदत पाठवली. पौलाने ती घेतली, सगळं पोहोचलं, भरपूर झालं, असं कळवलं. तो एपफ्रदीत मरणाच्या दारी जाण्याइतका आजारी पडला होता. पौलाने तेही झाकलं नाही आणि त्याला घरी परत पाठवला. तेरावं वचन आपण सगळे पाठ करतो. चौदावं कुणी कॅलेंडरवर छापलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

जुझे वाझ यांच्याबद्दल बोलायचा मला तसा अधिकार नाही. मी नगरच्या मिशन कंपाउंडात वाढलेली प्रॉटेस्टंट, संतांच्या बाबतीत आमचा हात जरा आखडता. पण बाणावलीच्या त्या माणसाचं चरित्र मी वाचलंय. १६८७ साली डचांची नजर चुकवून, मजुराच्या वेषात ते सिलोनात शिरले आणि जाफन्याला पोचतात तोच अतिसाराने आडवे झाले. पुढे कँडीत पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांना कोंडून ठेवलं. १६९७ साली तिथे देवीची साथ आली, लोक आजाऱ्यांना टाकून पळाले, तेव्हा टाकलेल्यांना त्यांनी सांभाळलं. हे सोसणं खरंच आहे. पण त्या साथीत त्यांचा भाचा फादर कार्व्हालो बरोबरीने राबत होता, आणि मदतीचे फादर त्यांच्या गोव्यातल्या मंडळातून गेले होते. पुढच्या वेळी फादर हे उदाहरण देतील तेव्हा भाच्याचंही नाव घ्या म्हणावं.

सामर्थ्य येतं म्हणजे काय होतं, हे मी फक्त माझ्यापुरतं सांगू शकते. नर्स होते तेव्हा रात्रपाळीला वॉर्डाच्या दाराशी मी एवढंच म्हणायचे, "प्रभू, हात चालू दे." भीती जायची नाही, छातीत धडधडायचं ते धडधडायचंच. हात मात्र चालायचे. आधी मनाला उभारी येते आणि मग काम होतं, असा क्रम मी क्वचितच पाहिला. तुला उभारी वाटत नाही म्हणून श्रद्धा कमी, हा हिशेब मला पटत नाही.

आणि सासूबाईंची सेवा ही तुझी अवघड गोष्ट नव्हेच, ती तर तू करतेच आहेस. ज्यासाठी तुला खरं बळ मागायला हवं ती गोष्ट म्हणजे दीर-नणंदेला "मला एकटीला हे झेपत नाही" असं सांगणं. पत्रात तू सगळं लिहिलंस, तेवढं वाक्य टाळलंस.

झेपत नाही यात कमीपणा नाही, ते काम दोन माणसांचंच आहे. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. एक चादर दुहेरी घडी करून खांद्यापासून मांडीपर्यंत त्यांच्या अंगाखाली घालायची, दोघांनी दोन बाजूंनी कडा गुंडाळून घट्ट धरायच्या आणि एकदम सरकवायचं. एकटीने ओढलं तर कातडी गादीवर घासते आणि तिथून शय्याव्रण सुरू होतो. लुळा हात धरून तर कधीच ओढू नकोस, खांदा निखळतो. माकडहाड आणि टाचा रोज बघ. लाल झालेल्या जागेवर बोट दाबून सोडल्यावरही लाली तशीच राहिली तर ती जागा चोळू नकोस, तिच्यावर भार येऊ देऊ नकोस आणि डॉक्टरांना दाखव. पेज भरवताना उशांनी टेकू देऊन ताठ बसव, भरवून झाल्यावरही अर्धा तास तसंच बसू दे.

आणखी एक करून बघ. संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणताना उजेडात, त्यांच्या समोर बस आणि त्यातलं 'नमान मारिये' सावकाश म्हण. साधं "पाणी" म्हणता न येणारी माणसं लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना कधी कधी पुढे म्हणतात. त्यांच्या ओठांकडे लक्ष ठेव. नाही जमलं तरी बिघडत काही नाही.

आता फोन. खरं तर तो तुझ्या नवऱ्याने करायला हवा, आई त्याची आहे. बोटीवर हल्ली इंटरनेट असतं, त्याला आधी तूच सांग. भावना बोलून दाखवू नकोस, थेट मागणी कर. नणंदेकडे दिवसाच्या बाईच्या पगारातला वाटा माग, आकडा सांगून, दर महिन्याचा. दिराकडे शनिवारची रात्र आणि रविवार माग, म्हणजे तुला झोप आणि मिस्सा दोन्ही मिळेल. शाळेत रुजू व्हायची तारीख दोघांनाही सांग आणि ती बदलू नकोस. रागावतील कदाचित. "आम्हाला वाटलं तुला जमतंय" म्हणतील. तेव्हा गप्प बस, सफाई देऊ नकोस. तुमच्या चर्चच्या छोट्या ख्रिस्ती समूहालाही सांग. आजाऱ्याजवळ आठवड्यातून एखादी दुपार बसणारी बाई तिथे मिळू शकते, पण कुणी विचारल्याशिवाय त्यांना कळणार कसं?

नणंदेला रविवारी दुपारी लाव, तिकडे सकाळ असते आणि माणसं निवांत असतात. दिराला फोनवर काही सांगूच नकोस. त्याला जेवायला बोलाव, पानं वाढायच्या आधी कूस बदलायची वेळ येईल असं बघ, आणि चादरीची एक कड त्याच्या हातात दे.