डोळ्यावर डबा लावून शांत व्हायचं, ही पळवाट नाही का?

"मॅडम, एकदा त्या डब्याची सवय लागली की मग डब्याशिवाय शांतच वाटणार नाही, असं तर नाही ना होणार?" व्हीआर हेडसेटचा, म्हणजे डोळ्यांवर बांधला की आपण दुसऱ्याच जागी आहोत असं चहूबाजूंनी दाखवणाऱ्या डब्याचा विषय काढला की हा प्रश्न येतोच. कोणी म्हणतं ही पळवाट आहे, कोणाच्या मुलांना वाटतं आई त्यातच हरवून बसेल. सुरवातीला मलाही हीच शंका होती, म्हणून एका ताईंचा अनुभव लिहितेय, त्यांना विचारून आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलून.

ताई सत्तावन्नच्या, माहेर गुहागरकडचं, लग्नानंतर पुण्यात. यजमानांची बायपास होऊन सात महिने झालेले, ते ठणठणीत, रोज सकाळी फिरायला जातात, पण ताईंचीच छाती धडधडायची, खांदे कायम वर चढलेले आणि रात्री दोन-तीनदा उठून त्यांच्या नाकाशी हात धरून श्वास चालू आहे ना बघायच्या. ईसीजी, थायरॉईड सगळं नॉर्मल आलं तेव्हा फॅमिली डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं. (या तपासण्या आधी करूनच घ्या, धडधड म्हणजे टेन्शनच असं घरी बसून ठरवू नका.)

मी आधी नेहमीचंच सुरू केलं, सावकाश श्वास, मग एकेक स्नायू आवळून सैल सोडायचा. एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी जवळपास शंभर वर्षांपूर्वी बसवलेली ही पद्धत, साधी आहे आणि बऱ्याच जणांना लागू पडते. ताईंना नाही पडली. "डोळे मिटा" म्हटलं की त्या उलट जास्तच घाबरायच्या. असं होतं काहींचं, अंग सैल पडायला लागलं की आतून कोणीतरी ओरडतं की अरे लक्ष कोण ठेवणार, आणि ही बाई तर सात महिने पहाऱ्यावरच बसलेली. त्यांना डोळे उघडे ठेवून शांत होता येईल असं काहीतरी हवं होतं. मुलगी नेदरलँड्सहून येताना हेडसेट घेऊन आलेली, तो कपाटात पडून होता. म्हटलं आणा, बघू.

पहिल्या वेळी तयार ॲपमधला निळा समुद्र लावला, पांढरी वाळू, बासरी. दोन मिनिटांत ताईंनी हेडसेट ओढून काढला. मला वाटलं मळमळलं असेल. तर म्हणाल्या, "यांचा आवाजच येईना." यजमान बाहेरच्या खोलीत बसले होते, अधूनमधून खोकत होते, आणि तो खोकला बासरीखाली दबला होता. मग पुढे म्हणाल्या, "आणि समुद्राचं काय मॅडम, आमच्या घरामागेच होता, पण शांत व्हायला म्हणून आम्ही कधी गेलो नाही, आगरातलं काम टाकून कोण जाणार?"

इथे एक फरक सांगायला हवा. अमेरिकेत सिअ‍ॅटलला हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी भाजलेल्या पेशंटसाठी 'स्नोवर्ल्ड' नावाचं आभासी जग केलं, ड्रेसिंग बदलताना पेशंट बर्फाच्या दरीतून जातो, बर्फाचे गोळे मारतो आणि त्याला दुखणं कमी जाणवतं. ते काम लक्ष दुसरीकडे वळवण्याचं आहे, माणसाचं लक्ष एका वेळी ठरावीकच असतं, ते बर्फाने व्यापलं की वेदनेला कमी उरतं. तिथे कोणतंही गुंतवणारं जग चालतं. पण शांत होणं वेगळं, तिथे लक्ष खेचून घ्यायचं नसतं, शरीराला "इथे धोका नाही" हे पटावं लागतं, आणि ते कशाने पटतं हे ज्याचं त्यालाच माहीत. कधीकधी त्यालाही पटकन सांगता येत नाही.

म्हणून मी विचारलं, तुमची आवडती जागा कोणती? ही माझी चूक झाली. ताई अर्थातच म्हणाल्या माहेरचं घर. भाच्याने कोणाचा तरी ३६० डिग्री, म्हणजे चहूबाजूंचं एकदम टिपणारा कॅमेरा आणून सगळ्या घरातून फिरत फिरत व्हिडिओ काढून पाठवला, बिचाऱ्याने फार प्रेमाने केलं होतं. पण तो चालत होता आणि ताई खुर्चीत बसलेल्या, डोळे म्हणतात चाललोय, कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो जागेवर आहोत, या भांडणात मळमळ होते. आणि त्यात माजघरातला झोपाळा आला. आई गेल्यापासून रिकामा. ताई हेडसेट काढून पदरात तोंड खुपसून रडल्या. ते रडणं खरं होतं, पुढची दोन सेशन आम्ही आईबद्दलच बोललो, पण ते शांत होण्याचं दृश्य नव्हतं आणि मी आधीच नीट विचारायला हवं होतं. आवडती जागा आणि निवांत जागा एकच असते असं नाही.

मग प्रश्न बदलला. "कुठे बसलं की तुमचे खांदे आपोआप खाली यायचे?" बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "दोणीपाशी." विहिरीशेजारी दगडाची दोणी, रहाटाचं पाणी पन्हळातून तीत पडायचं आणि तिथून पाटाने पोफळींना जायचं. शिंपणं चालू असताना ही आठ-दहा वर्षांची मुलगी दोणीच्या कडेला बसायची, काम एकच, दोणी भरली की बोळा काढायचा. तोवर काहीच करायचं नाही. हे सांगतानाच त्यांचे खांदे खाली आले, मला समोरून दिसलं.

भाच्याला परत सांगितलं, पण या वेळी सूचना देऊन. कॅमेरा स्टँडवर, अजिबात हलवायचा नाही, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला म्हणजे चारेक फुटांवर, उंच लावला तर बघणाऱ्याला अधांतरी लटकल्यासारखं वाटतं. रहाट आता नाही, पंप आहे, तर त्याने पाइपला जुनं पन्हळ जोडून पाणी सोडलं. दहा मिनिटांचा व्हिडिओ. शेवाळलेला दगड, पाण्यावर हलणाऱ्या पोफळींच्या सावल्या, मध्येच एक खंड्या येऊन बसतो आणि उडून जातो. बस.

बाकीची तयारी बारीकसारीक वाटेल पण त्यावरच सगळं ठरतं. हेडसेट अर्धा किलोच्या आसपास असतो, मानेला जाणवतो, म्हणून पाठ टेकायला खुर्ची. ताईंचा अंबाडा पट्ट्याला आडवा यायचा, म्हणून वेणी. चष्म्यासाठी आतली जागा वाढवणारी चौकट बसवली. आवाज अगदी बारीक, हेडसेटच्या पट्ट्यातल्या स्पीकरचाच, कान मोकळे. आणि यजमान त्याच खोलीत पेपर वाचत बसणार, पानं उलटल्याचा आवाज पाण्याच्या आवाजात मिसळू द्यायचा. त्या दिवशी पूर्ण दहा मिनिटं ताई बसल्या. आधी अस्वस्थता दहापैकी आठ सांगितलेली, नंतर पाच म्हणाल्या. पाच म्हणजे काही जादू नाही, पण सात महिन्यांत पहिल्यांदा.

आता सवयीचा प्रश्न. अमेरिकेत औषधं आणि उपचाराच्या उपकरणांना परवानगी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने २०२१ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी घरी वापरायच्या एका व्हीआर प्रोग्रामला परवानगी दिली, तो आठ आठवड्यांचा आहे, रोज थोडा वेळ, आणि त्यात श्वास-विश्रांती शिकवतात. शिकवतात, हा शब्द महत्त्वाचा, कारण शिकवणीला शेवट असतो. आम्हीही पहिल्या दिवसापासून हेडसेट सोडवायचं ठरवूनच चाललो. तीन आठवडे पूर्ण व्हिडिओ, बाहेर सोडायचा श्वास पाण्याच्या धारेबरोबर लांबवायचा. मग पाच मिनिटं व्हिडिओ आणि उरलेली पाच हेडसेट काढून नुसता आवाज, नजर खाली जमिनीवर. मग आवाजही नाही. हेडसेट देऊन "वाटेल तेव्हा लावा" म्हटलं असतं तर तुमची भीती खरी ठरली असती, आणि ताईंनी प्रत्येक धडधडीला तो शोधला असता.

सगळ्यांनी करावं असं मी म्हणणार नाही. फिट येत असतील, चक्करचा किंवा मायग्रेनचा त्रास असेल, भास होत असतील तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नको. ज्या घरात मारहाण, त्रास सोसला त्या घराचा व्हिडिओ तर आपल्या मनाने अजिबात करू नका. आणि जगणंच नको वाटत असेल तर हेडसेट, ॲप सगळं बाजूला ठेवून आधी १४४१६ ला फोन करा, सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं.

परवा ताई फॉलोअपला आल्या होत्या. यजमानांच्या टूडी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) वेळी बाहेर बाकावर दीड तास बसावं लागलं, तेव्हा समोरच्या फरशीकडे बघत दोणी तीनदा भरली म्हणाल्या. हेडसेटचं विचारलं तर चार्जिंग कधी संपलं आठवत नव्हतं. रात्रीचं विचारलं. "एकदा उठते अजून. यांच्या छातीवर हात ठेवते आणि झोपते." थोडं थांबून म्हणाल्या, "तेवढं राहू दे ना मॅडम." मी म्हटलं, राहू दे.