पुण्यात 200 लिटरचा रीफ टँक (खाऱ्या पाण्याची, कोरल म्हणजे प्रवाळांची टाकी) आहे. फॉस्फेट 0.6 पीपीएमवर अडकलंय, जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोह-ऑक्साइडचे दाणे) घातलं की उतरतं आणि आठवड्यात परत वर येतं. सगळ्यात चांगला रिमूव्हर कोणता?

तुमच्या प्रश्नातलं 'परत वर येतं' हेच निम्मं उत्तर आहे. पण आधी सासूबाईंची बाजू मांडते, कारण आमच्याकडे नेमक्या याच आकड्यापायी त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. टाकी नवऱ्याची, 75 गॅलनची, म्हणजे पाणी साधारण 280 लिटर. मोजमाप माझ्याकडे, कारण केमिस्ट्री मी शिकलेय आणि क्युव्हेटवरचे, म्हणजे मोजायच्या काचेच्या कुपीवरचे, बोटांचे ठसे पुसायचा त्याला कंटाळा. सासूबाई डोंबिवलीहून आल्या, त्यांना माशांचा लळा लागला, रोज सकाळचा चहा झाला की चिमूटभर खाणं घालायच्या. त्याच सुमारास फॉस्फेट 0.6 वर. झालं! नवऱ्याचा एक मित्र आहे, रीफवाल्यांतला स्वयंघोषित गुरू. टाकी न बघता फोनवरच त्याचं निदान: "काकू जास्त खायला घालतायत." नवरा आईला तोंडाने काही बोलला नाही, खाण्याचा डबा मात्र वरच्या फळीवर गेला. त्या काय समजायचं ते समजल्या.

मी त्यांना एकदा ती चिमूट कॉफीच्या काट्यावर सोडायला लावली. 0.15 ग्रॅम. सुक्या खाण्यात फॉस्फरस धरा एक टक्का, म्हणजे दीड मिलिग्रॅम. त्याचं फॉस्फेट होतं साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास. 280 लिटरमध्ये वाटलं तर 0.016 पीपीएम, तेही मासे, शेवाळ, कोरल यांनी कणभरही उचललं नाही असं धरून. आणि आमचा आकडा जीएफओ काढल्यावर चार-पाच दिवसांत 0.1 वरून 0.5 वर उडी मारत होता. गणित बसतं का? बसत नाही. हे गुरूला पाठवलं तर उत्तर आलं, "थिअरी वेगळी, टँक वेगळा." अशा माणसाशी काय बोलणार!

मग पाणी तपासलं. इथे अनेक शहरांत नळाच्या पाण्यात ऑर्थोफॉस्फेट मुद्दाम घालतात, जुन्या पाइपांतलं शिसं पाण्यात उतरू नये म्हणून. नेवार्कने शिशाच्या गोंधळानंतर 2019 मध्ये तेच सुरू केलं. आमच्या नळाचा आकडा एकच्या वर आला आणि नवरा लगेच "सापडला चोर" म्हणून मोकळा. पण आरओडीआय फिल्टरनंतरच्या (आरओ, आणि पुढे उरलेसुरले क्षार टिपणारं डीआय) पाण्यात शून्य. मीठ कालवल्यावरही शून्य. चोर घरातच होता.

राहिला टाकीतला खडक. तो याच गुरूच्या ओळखीने, टाकी मोडणाऱ्या कुणाकडून तरी सेकंड हँड घेतलेला, "एकदम मॅच्युअर माल" म्हणून. सम्पमधला (टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीतला) मुठीएवढा तुकडा काढला, हलकेच विसळला, ताज्या मिठाच्या पाण्याच्या बादलीत ठेवला, छोटा पंप लावला. बादलीत मासा नाही, खाणं नाही, सासूबाई तर नाहीतच. पहिल्या दिवशी चेकरवर (फॉस्फेट मोजायच्या छोट्या यंत्रावर) 0.00. मग रोज रात्री दहा मिली पाणी, रसायनाची पुडी फाडून घालायची, दोन मिनिटं हलवायचं, बुडबुडे बसू द्यायचे, तीन मिनिटांचा टायमर. पाण्याला रोज आदल्या दिवशीपेक्षा गडद निळी झाक. आठवडा संपायच्या आत 0.4.

कॅल्शियम कार्बोनेट फॉस्फेट धरून ठेवतं आणि पाण्यातलं कमी झालं की सोडतं. असा खडक म्हणजे मुरलेली कैरी, वरचं पाणी कितीही बदला, आतला खार येतच राहणार. तुमचं जीएफओ काम करतंय हो, खडकही आपलं काम करतोय इतकंच. म्हणून रिमूव्हरचा ब्रँड विचारू नका, जीएफओ कुठल्याही ब्रँडचं घ्या, त्यात लोखंडाचंच ऑक्साइड असतं. आधी बादली लावा.

बादली दाखवल्यावर गुरू गप्प बसेल असं वाटलं होतं. तो लँथनम क्लोराइडची बाटली घेऊन आला, स्विमिंग पूलसाठीची. हे विरळ करून, थेंबाथेंबाने, बारीक फिल्टर सॉकमध्ये सोडायचं असतं, म्हणजे फॉस्फेटशी मिळून तयार होणारा साका तिथेच अडकतो. पठ्ठ्याने झाकणभर थेट सम्पमध्ये ओतलं. पाणी पांढरं, यलो टँग कोपऱ्यात धापा टाकतोय, आणि हा म्हणतो, "बघ, रिअ‍ॅक्शन येतेय!" टँग वाचला. हवाईतली पकड 2021 मध्ये थांबल्यावर त्या माशाची किंमत काय झालीय हे नवऱ्याला विचारा.

शेवटी जे केलं ते कंटाळवाणं आहे. जीएफओ पाकिटावरच्या मापाच्या निम्मं, रिअ‍ॅक्टरमधून (जीएफओ भरलेल्या नळकांड्यातून) बाहेर पडणाऱ्या पाण्याचा आकडा टाकीइतका झाला की बदलायचं, आणि हे महिनोन्‌महिने. खडक रिता होईपर्यंत दुसरा इलाज नाही. घाईने उतरवलंत तर अ‍ॅक्रोपोरासारख्या नाजूक कोरलची कातडी बुडापासून सुटते. आता आम्ही 0.08 ला असतो. मधल्या काळात सासूबाई डोंबिवलीला परतल्या होत्या, आणि त्या गेल्यावरही जीएफओ काढलं की आकडा तसाच चढायचा. यावर गुरूचं म्हणणं, "आधीचं साठलेलं." माझ्या मते खाण्यावर खापर फोडणाऱ्या निम्म्या लोकांनी खाणं कधी तोललेलंच नसतं.

आता थोडं तुमच्यापुरतं. खाणं निर्दोष असतं असं मी म्हणत नाही. रोज एक ग्रॅम सुकं खाणं तुमच्या 200 लिटरमध्ये 0.15 ची भर घालतं, तेव्हा तोलून बघाच. स्वयंपाकघरातला आरओ वापरत असाल तर त्यातला टीडीएस कंट्रोलर थोडं कच्चं पाणी मिसळत असतो, आणि त्याला डीआय नसतं. शून्याच्या मागे लागू नका, फॉस्फेट पार संपलं की डायनोफ्लॅजेलेट्स (एकपेशीय सूक्ष्मजीव) येतात आणि तो चिकट तपकिरी गाळ पाहिलात की 0.6 बरं होतं म्हणाल. खडक बदलायचा म्हणून मालवण-रत्नागिरीचा किनारा धुंडाळू नका, कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत.

आणि हे खरं तर आधी विचारायला हवं होतं: तुमचा 0.6 कुठल्या यंत्रावरचा? हॅना कंपनीचा, पीपीबीत (पीपीएमच्या हजाराव्या भागात) फॉस्फरस दाखवणारा चेकर असेल तर त्याची धाव 200 पर्यंतच. फॉस्फरसचं फॉस्फेट करायला 200 ला 3.066 ने गुणून, पीपीएमसाठी हजाराने भागलं की 0.61 येतं. म्हणजे 'अडकलंय' ते कदाचित यंत्र असेल आणि खरा आकडा बराच वर असेल. टाकीच्या पाण्यात तेवढंच ताजं मिठाचं पाणी मिसळून पुन्हा मोजा आणि येईल त्याची दुप्पट करा.