मागावर नवीन लागणाऱ्याला: ऊन, थंडी आणि हातपाय

ऐन एप्रिलात तू कापड विणायच्या यंत्रमागावर उभा राहणार, म्हणून आधीच सांगतो. सोलापुरात पारा ४० च्या वर जातो, आणि पत्र्याच्या शेडात त्याहून जास्त भाजतं. उन्हाच्या झटक्याला सगळेच भितात. पण उन्हाळ्यात बोटंही जास्त चेमटतात, हे नव्या पोराला कुणी सांगत नाही. रात्री उकाड्यानं झोप होत नाही, दुपारी डोकं जड होतं, घामानं हात निसटतो. चालू मागात हात घालायचा आळशीपणा नेमका तेव्हाच सुचतो. धागा तुटला की आधी माग थांबव. माल कमी निघाला म्हणून शेठ ओरडेल, ओरडू दे.

अंगाला उष्णता सोसायला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून पहिले दिवस सर्वांत धोक्याचे. तेवढ्यात जादा पाळी घेऊ नकोस. दर पंधरा-वीस मिनिटांनी कपभर पाणी पी, तहान नसली तरी. शेजारचा कारागीर असंबद्ध बोलायला लागला तर ‘झोप झाली नसेल’ म्हणून सोडू नकोस. सावलीत ने, अंगावर पाणी ओत, वारा घाल, १०८ ला फोन लाव. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

थंडी आपल्याकडे थोडीच. तरी डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या पाळीला बोटं बधिर होतात, पकड सुटते. हात चोळून मगच काम धर. मफलर मात्र बाहेर खुंटीला. फिरत्या पट्ट्यात तो अडकला तर गळ्याला फास बसतो. कानटोपी घाल.