चिती रचलेली, लोलक लोंबणारा

कराडहून एका पालकांनी विचारलंय: मुलीच्या भूमितीत ‘त्रिकोणी चिती’ आहे आणि विज्ञानात त्याच आकाराच्या काचेला ‘लोलक’ म्हणतात. यातलं बरोबर कोणतं? आणि चितीचा चितेशी काही संबंध आहे का?

आधी उच्चार. विटेसारख्या ठोकळ्याचं भूमितीतलं नाव ‘इष्टिकाचिती’; ‘इष्टिकाचित्ती’ नाही, ‘इष्टीकाचित्र’ तर मुळीच नाही. शिकवणीच्या वर्गांतून हे इतकं ऐकू येतं की कान किटतात. इष्टिका म्हणजे वीट (आपली ‘वीट’ तिथूनच आली) आणि चिती म्हणजे रचलेली थप्पी. शब्द एकदा फोडून सांगितला की पोरं चुकत नाहीत.

चितेशी नातं आहे, आणि सख्खं आहे. दोन्ही ‘चि’ धातूचे. अर्थ रचणं, गोळा करणं. संचय त्यातलाच. काही जण चितीला ‘चित्त’शी जोडतात, ते साफ चूक. तो ‘चित्’ धातू वेगळा.

खरी गंमत यज्ञाच्या वेदीत आहे. शुल्बसूत्रांतली (वेदी मांडण्याचे नियम सांगणारे जुने ग्रंथ) अग्निचिती, म्हणजे विटांची वेदी, पाच थरांची, दर थराला 200 विटा, एकूण 1000. खालच्या सांध्यावर वरचा सांधा येता कामा नये, म्हणून पहिला, तिसरा, पाचवा थर एका मांडणीचा आणि दुसरा, चौथा वेगळ्या. कृष्णाकाठचा गवंडी आजही सांधा मोडूनच वीट लावतो. पुढे भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणिताच्या ग्रंथात तर चितीवर स्वतंत्र प्रकरणच आहे. वीट 18 अंगुळं लांब, 12 रुंद, 3 जाड. चिती 8 हात लांब, 5 रुंद, 3 उंच. विटा किती, थर किती? हात 24 अंगुळांचा, म्हणून थर 24 आणि विटा 2560. करून बघा, बरोबर येतं. रीत तीच: तळाचं क्षेत्रफळ गुणिले उंची.

माझ्या मते या आकाराची व्याख्याच ‘चिती’ शब्दात बसलेली आहे: एकसारखे थर, एकावर एक. भाकरींची चवड म्हणजे वृत्तचिती. आर्यभटाचा ‘चितिघन’ वर निमुळता होत जातो, असं म्हणून कुणी अडवेल. पण तिथे चिती म्हणजे गोळ्यांची रास, थर सारखे नाहीत. इष्टिकाचितीसाठीचा हिंदीतला शब्द ‘घनाभ’ मराठीत आणू पाहणाऱ्यांना तर हे कळलेलंच नाही. घनाभ म्हणजे घनासारखा. अहो, घन हाच इष्टिकाचितीचा खास प्रकार, मग मूळ कोणतं आणि नक्कल कोणती?

राहिला लोलक. लोलक म्हणजे लोंबून हलणारा, झुंबराला असतो तो. त्या तिधारी काचेतून रंग फाकतात, म्हणून विज्ञानाने तो शब्द उचलला असावा. प्रकाशाच्या धड्यात लोलक, घनफळाच्या धड्यात चिती, दोन्ही बरोबर.

मात्र मुलीची एक चूक तपासा. लोलक टेबलावर आडवा असतो, आयताकृती पृष्ठावर, आणि मुलं तोच तळ धरतात. त्रिकोण 3, 4, 5 सेंमीचा आणि लांबी 10 सेंमी घ्या. खरं घनफळ 6 × 10 = 60 घसेंमी. आयत तळ धरला तर 5 × 10 = 50, आणि टेबलापासून वरच्या कडेपर्यंतची उंची 2.4; उत्तर 120, बरोबर दुप्पट. तिला काच उचलून त्रिकोणावर उभी करायला सांगा. उंची म्हणजे दोन त्रिकोणांमधलं अंतर.