घोषणेनंतरचे काम

प्रिय,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. स्त्रियांच्या हक्कांसाठी आंतरराष्ट्रीय राजनयात उतरायचे आणि सुरुवात एखाद्या नव्या जाहीरनाम्याच्या मसुद्याने करायची, हा तुझा विचार मला फारसा पटलेला नाही. जाहीरनाम्यांची आज वानवा नाही. १९९५ मध्ये बीजिंगला १८९ सरकारांनी मान्य केलेला कृती आराखडाही अजून पुरता अमलात आलेला नाही. वानवा आहे ती मान्य झालेली कलमे तडीस नेणाऱ्या माणसांची.

म्हणून आधी सीडॉ, म्हणजे स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनाचा १९७९ चा करार, आणि त्याच्याबरोबर तो स्वीकारताना देशोदेशींनी घातलेल्या अटी वाच. भेदभाव करणारे कायदे बदलण्याची जबाबदारी सांगणारे कलम २ आणि विवाह व कुटुंबातील समानतेचे कलम १६ यांवरच अनेकांनी अटी घातल्या आहेत, आणि घरातल्या अन्यायाविरुद्ध दाद मागणाऱ्या बाईची वाट नेमकी तिथेच अडते. कराराच्या हेतूशी विसंगत अट चालणार नाही, असे कलम २८ बजावते खरे. पण ती विसंगती ठरवायची कोणी, याबाबत करार मौन पाळतो. त्यामुळे इतर देशांनी हरकती नोंदवणे आणि चिकाटीने बोलणी करणे, एवढाच मार्ग उरतो. मोरोक्कोने २०११ मध्ये आणि ट्युनिशियाने २०१४ मध्ये महत्त्वाच्या अटी मागे घेतल्या, त्यामागे तिथल्या महिला संघटनांचा दीर्घ लढा होता. त्याचे श्रेय लाटणारा परदेशी मुत्सद्दी भेटलाच, तर त्याच्यापासून चार हात लांब राहा.

स्पेनमधल्या एका आईचे प्रकरण मात्र मुळातून वाच. नवऱ्याच्या मारहाणीमुळे वेगळी झालेली ही बाई, मुलीला देखरेखीशिवाय बापाकडे सोपवू नका, म्हणून अर्जामागून अर्ज करत राहिली. न्यायालयाने तशा भेटींना परवानगी दिली आणि २००३ मध्ये बापाने सात वर्षांच्या त्या मुलीचा जीव घेतला. देशातल्या न्यायालयांचे मार्ग संपल्यावर ती सीडॉच्या समितीकडे, म्हणजे कराराच्या पालनावर देखरेख ठेवणाऱ्या तज्ज्ञांच्या मंडळाकडे गेली. २०१४ मध्ये समितीने स्पेनला जबाबदार धरले. पण समितीचा शब्द सरकारवर बंधनकारक आहे का, यावरून तिला पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागली. अखेर २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो बंधनकारक मानून तिला ६ लाख युरो भरपाई द्यायला लावली. हे दार उघडे होते, कारण स्पेनने वैयक्तिक तक्रारीची मुभा देणारा ऐच्छिक प्रोटोकॉल स्वीकारला होता. ज्या देशाने तो स्वीकारलेला नाही, तिथल्या स्त्रीला समितीकडे अशी तक्रार नेताच येत नाही. द्विपक्षीय चर्चेत हा विषय दरवेळी शेवटच्या पाच मिनिटांवर ढकलला जातो. तो वर आणणे हे तुझे काम.

अफगाणिस्तानने २००३ मध्ये हा करार कोणतीही अट न घालता स्वीकारला होता, आणि आज त्याच आधारावर पुढची पावले पडत आहेत. कलम २९ नुसार आधी वाटाघाटी, मग लवादाची मागणी आणि सहा महिन्यांत लवाद उभा राहिला नाही तर हेगचे आंतरराष्ट्रीय न्यायालय, असा क्रम आहे. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जर्मनी आणि नेदरलँड्स यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये अफगाणिस्तानविरुद्ध त्या दिशेने जाण्याची घोषणा केली. त्याच हेग शहरातल्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये तालिबानचे सर्वोच्च नेते आणि सरन्यायाधीश यांच्याविरुद्ध लिंगाधारित छळाबद्दल अटक वॉरंट काढले. पहिले न्यायालय राज्याला जाब विचारते, दुसरे व्यक्तीला. या दोहोंची गल्लत अनुभवी मंडळीही करतात. तालिबानच्या उपस्थितीत २०२४ मध्ये दोहा येथे संयुक्त राष्ट्रांनी घेतलेल्या मुख्य बैठकांत अफगाण स्त्रियांना जागा नव्हती. संवाद तुटू नये, हा त्यामागचा युक्तिवाद मला समजतो, पण पटत नाही: ज्यांच्या हक्कांचा प्रश्न आहे त्यांनाच बाहेर ठेवण्याची अट एकदा मान्य केली, की पुढच्या बैठकीत तीच अट रीत म्हणून समोर येते.

आता एक देश निवड. त्याच्या अटी, त्यांवर इतरांनी नोंदवलेल्या हरकती, समितीच्या ताज्या शिफारशी आणि तिथल्या संघटनांनी सरकारी अहवालाला समांतर म्हणून समितीला दिलेला अहवाल हे सारे शेजारी ठेवून चार पानांचे टिपण लिही आणि मला पाठव. विशेषणे कमी असू देत. कलमांचे क्रमांक मात्र चुकवू नकोस.

तुझा हितचिंतक